सीपॅप मशीन घरी आलं. आता लाईन गेली तर, गावाला जायचं तर काय?

झोपेत घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असं आपल्याकडे समजतात. पण घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो, श्वास थांबतो आणि मग माणूस दचकून मोठा श्वास घेतो. हे रात्रभर चालत असेल तर ती गाढ झोप नव्हे, आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झालं, तेव्हा रुग्णालयाने हेच कारण सांगितलं होतं आणि हा शब्द घरोघरी पोहोचला.

या आजारावर सीपॅप नावाचं मशीन देतात. जिल्ह्यातल्या गावांतही आता ते दिसू लागलं आहे. मशीन लावणं सोपं आहे. अडचण येते ती लाईन गेल्यावर, लग्नाला जाताना आणि वावरात जागलीला गेल्यावर.

मशीन करतं काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. सीपॅप मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि नळी व मास्कमधून थोड्या दाबाने नाकात सोडतं. त्या दाबाने वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये ती जगापुढे मांडली.

हे मशीन म्हणजे ऑक्सिजन नाही आणि व्हेंटिलेटरही नाही. "त्याला ऑक्सिजन लागला, आता काही खरं नाही" असं शेजारीपाजारी बोलतात, ते चुकीचं आहे. चष्मा लावणारा माणूस जसा कामाला जातो, तसाच मशीन लावणारा सकाळी उठून कामाला जातो.

तपासणीशिवाय मशीन नको

एका तासात किती वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट होतो, हे स्लीप स्टडी या तपासणीत मोजतात. प्रत्येक वेळी निदान १० सेकंदांची अडचण धरतात. हा आकडा ५ ते १४ असेल तर आजार सौम्य, १५ ते २९ असेल तर मध्यम आणि ३० च्या वर गेला तर तीव्र. मशीनचा दाब त्यानंतर ठरतो. तो साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. दुसऱ्याचं मशीन आणून अंदाजाने लावू नये.

घोरण्यासोबत दिवसा पेंग येणं, सकाळी डोकं दुखणं, बीपी आटोक्यात न येणं ही लक्षणं असतील तर आधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. तपासणी कुठे करायची, ते तिथून कळेल. वर्धा आणि नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांतही चौकशी करता येते.

ट्रॅक्टर, मालवाहू गाडी किंवा काळी-पिवळी चालवणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. स्टेअरिंगवर लागलेली एक डुलकी गाडीतल्या सगळ्यांच्या जिवावर येते.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल नीट तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे जगभरातून लाखो मशीन परत मागवली होती. तसलं मशीन कुणाच्या तरी घरी पडून असू शकतं.

लाईन गेली तर

लाईन गेली की मशीन बंद पडतं. मास्कला बाहेरची हवा घ्यायला छिद्रं असतात, त्यामुळे जीव लगेच गुदमरत नाही. पण श्वास पुन्हा अडायला लागतो. म्हणून बॅटरीची सोय आधीच करून ठेवावी.

हिशेब सोपा आहे. पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीनला साधारण ३० वॉट लागतात, म्हणजे ८ तासांना २४० वॉट-तास. ७५ वॉटचा पंखा तेवढाच वेळ चालवला तर ६००. दोन्ही मिळून ८४०. घरच्या १५० एएचच्या १२ व्होल्ट इन्व्हर्टर बॅटरीत १८०० वॉट-तास असतात. बॅटरी चांगली असेल तर अर्धी वापरूनही रात्र निघते. ह्युमिडिफायर सुरू केला की खर्च दुप्पट-तिप्पट होतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा. साध्या स्क्वेअर वेव्हवर मशीनचा ॲडॉप्टर बिघडू शकतो.

इन्व्हर्टरची बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो आणि मशीन खोलीतलीच हवा ओढतं.

वावरात जागलीला

शेतीची लाईन रात्रीची असते, रानडुकरांचा त्रासही असतो. त्यामुळे जागल चुकत नाही. फवारणी पंपाची बॅटरी मशीनला जोडायचा मोह होतो. पण काही मशीन १२ व्होल्टवर चालतात, काही २४ वर. तारा थेट जोडल्या तर मशीन जळू शकतं. त्या मॉडेलची डीसी केबल किंवा कन्व्हर्टर घेऊनच जोडावं. १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी जेमतेम तीन तास पुरते, हेही लक्षात ठेवा.

कीटकनाशकं ठेवलेल्या खोपडीत मशीन कधीही लावू नका. मशीनचा फिल्टर धूळ आणि कापसाचं तूस अडवतो, विषारी वाफ अडवत नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात शेतकऱ्यांचे जीव गेले, हे कुणी विसरलेलं नाही.

पाणी कोणतं?

ह्युमिडिफायरमध्ये मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर टाकावं. जिल्ह्यात बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात क्षार आणि फ्लोराइड आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. बॅटरीत टाकायचं पाणी श्वासासाठी बनवलेलं नसतं, ते वापरू नये. डिस्टिल्ड वॉटर मिळालंच नाही तर एक-दोन रात्री ह्युमिडिफायरशिवाय काढाव्या. उरलेलं पाणी रोज सकाळी फेकून टाकी कोरडी करावी.

मास्कची गादी रोज, नळी आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. डेटॉल, फिनाईल नको. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येत असेल तर नळी पांघरुणाखालून घ्यावी. उन्हाळ्यात मशीन मोकळ्या हवेत स्टुलावर ठेवावं. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापर सांगितलेला असतो, आणि आपला मे महिना तर सगळ्यांना माहीत आहे. बंद गाडीत मशीन ठेवून जाऊ नये. उंदीर नळी कुरतडतात, म्हणून सकाळी सामान डब्यात किंवा पिशवीत घालून खुंटीला टांगावं.

प्रवासात

मशीनचं वजन एक-दीड किलोच असतं. निघण्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर पाणी मोटरमध्ये शिरतं.

एसटीत मशीन लावायची सोय नाही, त्यामुळे दिवसाची गाडी बरी. स्लीपर ट्रॅव्हल्समधला मोबाईलचा यूएसबी पॉइंट मशीनला पुरत नाही. धामणगाव, बडनेरा किंवा वर्ध्याहून रेल्वेने जाणाऱ्यांनी डब्यातल्या सॉकेटवर भरवसा ठेवू नये. आगीच्या भीतीने अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात. रात्रीचा प्रवास असेल तर मशीनसाठी मिळणारी लिथियम बॅटरी सोबत असावी.

नागपूरहून विमानाने जाणार असाल तर मशीन हातातल्या सामानात घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सोबत नेता येते, १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

माहूरची यात्रा असो की लग्नाचा मुक्काम, यजमानांना आधीच फोन करून प्लगजवळची जागा सांगून ठेवावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पिशवीत लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणि तीन पिनचा जोड असू द्या.

एखादी रात्र मशीनविना गेली तर

कुशीवर झोपा, डोकं उंच ठेवा. बनियनच्या पाठीला कापडी चेंडू शिवला तर उताणं झोपता येत नाही. त्या रात्री दारू नको आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी नको. दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. दुसऱ्या दिवशी पेंग येत असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या.

कोणतंही ऑपरेशन ठरलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्नियाची माहिती आधी द्या आणि मशीन दवाखान्यात सोबत न्या. भुलीनंतरच्या झोपेत श्वास अडण्याचा धोका वाढतो. घरच्या एका माणसाला तरी मास्क लावणं आणि मशीन सुरू करणं शिकवून ठेवा, कारण त्या वेळी रुग्णाला स्वतःला ते जमेलच असं नाही.