लसणाच्या गुणाचा शोध

स्वयंपाकघरातील एका साध्या गोष्टीपासून आरंभ करू. लसणाच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तीच पाट्यावर ठेचली की घरभर दरवळ सुटतो. आपल्या आया-बहिणी हे रोज पाहत आल्या. पण याचा उलगडा व्हावयास १९४८ साल उजाडावे लागले.

लसणाचा औषधी लौकिक फार जुना. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रावरील एक संस्कृत पोथी बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती आली. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या या पोथीचा आरंभच लसणाच्या उत्पत्तीने व गुणवर्णनाने होतो. परंतु गुण सांगणे वेगळे आणि तो कोणत्या द्रव्यात आहे हे हुडकून काढणे वेगळे.

हे दुसरे काम १९४४ साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हालिटो व जॉन बेली यांनी केले. लसूण न उकळता त्यांनी तो अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. ४ किलो लसणातून हाती आला अवघा ६ ग्रॅम तेलकट द्रव. तोच अ‍ॅलिसिन. पेनिसिलिनच्या मानाने त्याचा जोर कमी. तथापि पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या काही जंतूंनाही तो आवर घाली.

१९४८ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे आर्थर स्टोल व एवाल्ड झेबेक यांनी पुढचे कोडे सोडविले. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतोच. तेथे अ‍ॅलिइन नावाचे निर्गंध द्रव्य असते आणि त्याच्यापासून वेगळे, दुसऱ्या पेशींत, अ‍ॅलिइनेज हे विकर. पाकळी ठेचली, मधल्या भिंती मोडल्या, दोघांची गाठ पडली, की अ‍ॅलिसिन जन्मास येतो.

अलीकडची गोष्ट याहून बोलकी आहे. इंग्लंडात हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकग्रंथात डोळ्याच्या औषधाची कृती आहे: लसूण, कांदा, मद्य व बैलाचे पित्त एकत्र करून नऊ दिवस ठेवावे. नॉटिंगहॅम विद्यापीठातील जुन्या भाषेच्या व जंतुशास्त्राच्या अभ्यासकांनी ती जशीच्या तशी करून पाहिली व २०१५ साली निष्कर्ष सांगितला: औषधांना दाद न देणारे जंतू तिने प्रयोगशाळेत मारले. चिकट थर धरून बसलेल्या जंतूंपुढे मात्र सुटे सुटे घटक थिटे पडले. सारे एकत्र आल्यावरच गुण आला.

मग लसूण सर्व रोगांवर रामबाण म्हणावा काय? येथे आमचाच अनुभव सांगतो. विशीत एका कारखान्यात कंत्राटी काम करीत असता पत्र्याने आमचा हात कापला. दवाखान्यात जावे तर रोज बुडणार. म्हणून ठेचलेला लसूण फडक्याने बांधून आम्ही कामावरच राहिलो. सकाळी पाहतो तो कातडी भाजलेली. जखम चिघळली आणि एका दिवसाऐवजी पंधरवड्याची मजुरी गेली. अ‍ॅलिसिन जंतूंच्या प्रथिनांवर तुटून पडतो, तसाच आपल्या कातडीवरही. रक्तात गेला तर लगेच नष्ट होतो. म्हणूनच त्याचे पेनिसिलिनसारखे इंजेक्शन कधी झाले नाही.

आजीच्या बटव्याला हसू नये आणि त्याच्या जिवावर कुणाचा दवाखानाही तोडू नये, एवढेच या इतिहासाचे तात्पर्य. त्या दिवशी आमच्या हाताला औषध ठाऊक नव्हते असे नाही. एका दिवसाची पगारी रजा तेवढी नव्हती.