चित्रकलेचा तास

शाळांच्या वेळापत्रकांत चित्रकलेस प्रथम जागा मिळाली ती कलेच्या प्रेमापेक्षां मालाच्या काळजीमुळें अधिक. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें काचेच्या प्रचंड मंडपांत देशोदेशींच्या मालाचें प्रदर्शन भरलें. इंग्रजांच्या यंत्रांची तेथें वाहवा झाली. परंतु नक्षीच्या बाबतींत फ्रेंच मालापुढें त्यांचा माल फिका दिसला, आणि ओवेन जोन्स व रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्यासारख्या जाणत्यांनीं तर हिंदुस्थानच्या विणकरांचें कसब आपल्या देशबांधवांपुढें आदर्श म्हणून ठेविलें. या उणिवेवर उपाय म्हणून १८५२ सालीं हेन्री कोल यांच्या देखरेखीखालीं एक सरकारी खातें निघालें, आणि रेडग्रेव्ह यांनीं चित्रशिक्षणाचा तेवीस पायऱ्यांचा एक क्रम आंखून दिला.

त्या क्रमांत मुलाचा विचार कोठें दिसत नाहीं. आरंभ रेघांनीं, मग छापील तक्त्यावरील नक्षीची बाह्यरेषा, मग छायाभेद, मग प्लास्टरचे नमुने, रंगांची पाळी पुष्कळ वर चढल्यावर. शिक्षकांच्या मिळकतीचा कांहीं भाग विद्यार्थ्यांच्या निकालावर अवलंबून असे. त्यामुळें परीक्षकाच्या डोळ्यांत भरेल अशी एकच आकृति महिनोन्‌महिने ठिपक्यांनीं घोटीत बसण्याचा शिरस्ता त्या शाळांत पडला. डिकन्सनें १८५४ सालच्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरींत या खात्याची जी रेवडी उडविली आहे ती आमच्या कित्येक वाचकांस आठवत असेल. वर्गांत आलेला सरकारी गृहस्थ विचारतो कीं, भिंतीच्या कागदावर घोड्यांचीं चित्रें असावींत काय, गालिच्यावर फुलें असावींत काय. आणि आपल्याला फुलें आवडतात म्हणून ‘होय’ म्हणणारी पोर सर्वांदेखत चुकीची ठरते! डिकन्सची अतिशयोक्ति वजा केली तरी, त्या पोरीच्या आवडीला वर्गांत स्थान नव्हतें एवढें खरेंच उरतें.

हीच पद्धति आगबोटींतून मुंबईस आली. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लाख रुपये देऊं केले आणि १८५७ सालीं त्यांच्या नांवाची कलाशाळा सुरू झाली. ज्या देशाच्या कारागिरीचा दाखला लंडनांत दिला गेला, त्याच देशांतील मुलांनीं लंडनचे तक्ते गिरवावेत, यांतील विसंगति फारशी कोणास जाणवली नसावी. या शाळेच्या विद्यार्थ्यांकडून ग्रिफिथ्ससाहेबांनीं अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करवून घेतल्या, हें तिचें मोठें ऋण आहे. पण तो निराळा विषय. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, १८९३ सालीं तेथें चित्रशिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला आणि त्या शिक्षकांबरोबर कित्ता गांवोगांवच्या शाळांत पोहोंचला. त्या कित्त्यानें घडविलेला हात टाकाऊ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याला सरळ रेघ मारतां येते त्याचा हात सुतारकामांत, नकाशांत, पाटी रंगविण्यांत कोठें ना कोठें उपयोगी पडतोच. प्रश्न एवढाच, कीं त्या हाताला डोळा जोडला गेला काय?

युरोपांत हा प्रश्न लौकरच निघाला. रस्किनच्या वर्गांत तयार झालेले एबेनेझर कुक यांनीं १८८५-८६ सालीं लेख लिहून बजाविलें कीं, मुलाच्या रेघोट्यांना स्वतःचा वाढीचा क्रम असतो व शिक्षणानें तो क्रम ओळखून चालावें. १८९७ सालीं व्हिएन्नांत फ्रान्झ चिझेक यांनीं मुलांसाठीं स्वतंत्र वर्ग काढला. ते एका सुताराच्या घरीं राहत असतां तेथील पोरें कुंपणाच्या फळ्यांवर चित्रें काढीत, तीं पाहून त्यांस हें सुचलें असें सांगतात. चिझेक यांची कीर्ति मोठी. पण त्यांच्या वर्गांतील चित्रें एकत्र पाहिलीं असतां तीं एकमेकांसारखीं फार दिसतात. शिवाय मूल वयांत येतांना ही शक्ति बहुधा ओसरते, असें त्यांचें मत होतें.

हें मत ज्यांच्या कामानें डळमळलें त्या मारियन रिचर्डसन. १८९२ सालीं जन्मलेल्या या बाई बर्मिंगहॅमच्या कलाशाळेंत शिकल्या आणि १९१२ सालीं डड्ली या कोळशा-लोखंडाच्या गांवांत मुलींच्या हायस्कुलांत शिक्षिका झाल्या. बर्मिंगहॅमचे त्यांचे गुरु कॅटर्सन-स्मिथ हे विद्यार्थ्यांना एखादी आकृति दाखवीत, ती दूर करीत, व डोळे मिटून आठवावयास लावीत. रिचर्डसनबाईंनीं ही युक्ति उचलली, पण आकृतीच्या जागीं शब्द आणले. मुलींनीं डोळे मिटावेत आणि बाईंनीं स्वतः पाहिलेल्या एखाद्या देखाव्याचें सावकाश वर्णन करावें: गांवांतलीच गल्ली, तेथलेंच एखादें दुकान, त्यावर पडलेला उजेड. चित्र मनांत स्पष्ट उभें राहिलें कीं मगच रंगांस हात. बाईंचें चित्र फळ्यावर नसे. त्यामुळें उतरून घेण्यासारखें कांहीं नसे, आणि दोन मुलींचीं चित्रें सारखीं निघण्याचें कारणही नसे.

१९१७ सालीं बाई एका मुलाखतीसाठीं लंडनास गेल्या. नोकरी मिळाली नाहीं. मात्र बरोबर नेलेलीं मुलींचीं चित्रें त्यांनीं प्रसिद्ध समीक्षक रॉजर फ्राय यांस दाखविलीं. फ्राय यांनीं त्याच सुमारास आपल्या ओमेगा कार्यशाळेंत मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन मांडिलें होतें. त्यांत त्यांनीं डड्लीचीं चित्रें लाविलीं. पुढें १९३० सालीं बाई लंडन कौंटी कौन्सिलच्या शाळांवर कलानिरीक्षक झाल्या. त्यांचें पुस्तक १९४८ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांनीं निघालें.

या बाईंचें नांव घेऊन पुष्कळ शाळांत ‘मुलांना हवें तें काढूं द्या’ एवढेंच सूत्र चालूं लागलें, हा त्यांच्यावर अन्याय आहे. कागद वाटून वह्या तपासीत बसणारा शिक्षक आणि कित्ता वाटून बसणारा शिक्षक यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं. मूल दोघांच्याही वर्गांत एकटेंच असतें. डड्लीच्या मुली अकरा-बारा वर्षांच्या व त्याहून मोठ्या होत्या. आपलें चित्र खऱ्यासारखें दिसत नाहीं म्हणून मुलें ब्रश कायमचा खालीं ठेवतात तें हेंच वय. त्या वयांत त्यांना मोकळीक पुरत नाहीं. पाहण्यासारखें कांहीं दाखविणारें माणूस लागतें.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें १९४४ पासून शांतिनिकेतनचे देवीप्रसाद यांनीं नयी तालीमच्या मुलांना चित्रें व मातीकाम शिकविलें. सर्वसाधारण शाळांवर सत्ता मात्र राहिली ती एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांची. हल्लीं त्यांतील यशाबद्दल दहावीस जादा गुणही मिळतात. कोलसाहेबांस ही व्यवस्था पसंत पडली असती. या परीक्षांत स्मरणचित्राचा एक पेपर आहे. पाहिलेला प्रसंग आठवून काढावा हा त्याचा हेतु, आणि रिचर्डसनबाईंस सर्वांत जवळचा वाटला असता तो हाच. पण बाजार, पाणवठा, फुगेवाला हे प्रसंग मुलें तयार चित्रांवरून घोटून पाठ करून जातात. घरांतली आजी रोज सकाळीं दारावर भाजी निवडून घेतांना, घासाघीस करितांना दिसत असते. परीक्षेच्या कागदावर उतरते ती मार्गदर्शक पुस्तकांतील टोपलीवाली, आणि तिची टोपली दरवर्षीं डाव्याच हाताला असते.