नववधूंची समुद्रपार पाठवणी

लेकीची पाठवणी करताना घरातील कर्ती माणसेही तोंड फिरवून डोळे पुसतात, हा आपणां सर्वांच्या घरचा अनुभव आहे. मग जिचे सासर अटलांटिक महासागरापलीकडे आणि जिची पाठवणी करणारे एक लष्करी खाते, तिची कथा काय असेल?

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाची फौज डिसेंबर 1939 मध्ये ब्रिटनमध्ये उतरली व तिचा मोठा भाग कित्येक वर्षे तेथेच तळ देऊन राहिला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. फौज येऊन जेमतेम सहा आठवडे होतात तोच, जानेवारी 1940 मध्ये, पहिला विवाह लागला. विवाहास वरिष्ठ अधिकाऱ्याची अनुज्ञा लागे. परंतु अनुज्ञेच्या अटींनी मने थोडीच अडतात? (इटलीच्या रणभूमीवर याच कॅनडियनांसह आठव्या सैन्यात आपल्या मराठा पलटणीही लढल्या, हे जाता जाता सांगितले पाहिजे.)

या वधूंना सासरी पोहोचविण्यासाठी 1944 मध्ये लंडन येथे ‘कॅनेडियन वाइव्ह्‌ज ब्यूरो’ हे स्वतंत्र लष्करी कार्यालय स्थापन झाले. कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी, प्रवासापूर्वीचा निवास, नव्या देशाची माहिती, हे सारे त्याने पाहिले. प्रवासखर्चही कॅनडा सरकारने सोसला. ‘मॉरिटानिया’ जहाज 5 फेब्रुवारी 1946 रोजी लिव्हरपूलहून निघाले व पाच दिवसांनी हॅलिफॅक्सच्या एकविसाव्या धक्क्यास लागले. तान्ह्या मुलांसह निघालेल्या मातांची जहाजावर व पुढे आगगाडीत विचारपूस करीत त्या रेडक्रॉसच्या स्वयंसेविका. आमच्या मते या कार्याचा खरा प्राण त्याच होत. कचेरीचा शिक्का तिकीट देतो, धीर देत नाही. 1942 ते 1948 या काळात सुमारे 43,500 पत्नी व 21,000 मुले कॅनडात पोहोचली. त्यांत बहुसंख्य ब्रिटिश. हॉलंड व बेल्जियमच्याही कन्या होत्या.

परंतु गाडीतून उतरल्यावर काय? लंडनसारख्या नगरीत वाढलेल्या मुलीस एखाद्या ओसाड माळावरील शेतघरी विजेचा दिवा नाही, नळ नाही, आणि सासूची भाषा कधी फ्रेंच, असा संसार वाट्यास येई. काहीजणी माहेरी परतल्या. बहुतेकींनी मात्र चिकाटीने घर उभे केले.

एक गाठ मात्र फार उशिरा सुटली. कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा 1 जानेवारी 1947 रोजी अंमलात आला. त्यातील बारीक अटींमुळे, आईच्या कडेवर बसून आलेल्या काही मुलांना उतारवयात कळले की, आपण कायद्याने या देशाचे नागरिकच नव्हेत! ज्याच्या पित्याने त्या देशासाठी बंदूक धरली, त्यास निवृत्तिवेतनाच्या वा पारपत्राच्या खिडकीपाशी परका ठरविले जावे, यासारखा अन्याय कोणता? अशांपैकी बहुतेकांना 2009 व 2015 मधील दुरुस्त्यांनी नागरिकत्व मिळाले. तोवर त्यांतील कित्येकांच्या माता हयात नव्हत्या.