अंगणवाडीकडे पाहताना : प्रस्तावना

गावात किंवा वस्तीत मूल जन्माला आले की सरकारच्या ज्या व्यवस्थेशी त्याचा सगळ्यात आधी आणि पुढे कित्येक वर्षे संबंध येतो, ती अंगणवाडी. आई गरोदर असतानाच तिचे नाव तिथल्या नोंदीत चढते. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याचे वजन, लसी, आहार आणि पहिलीवहिली गाणी यांचा हिशेब तिथेच राहतो. देशात अशी जवळपास १४ लाख केंद्रे आहेत आणि एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. तरीही शिकलेल्या मराठी माणसाला अंगणवाडीबद्दल विचारले, तर बोलणे बहुधा खिचडीपाशी संपते. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला खिचडीच्या थोडे पुढे नेणे, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे. खिचडी बिनमहत्त्वाची आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्याकडे आपण लवकरच वळणार आहोत.

मराठी वाचकाला या विषयाचा थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथेच थांबल्या असत्या, तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण फी भरू शकणाऱ्या शहरी घरांपुरते बालशिक्षण त्यांना पुरेसे वाटेना. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने आणि माती आली. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात भरू लागली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा निघाली. मुले का येत नाहीत, याचे उत्तर या दोघींनी आईबापांच्या अडाणीपणात शोधले नाही. शाळेच्या जागेत आणि वेळेत शोधले. पुढची प्रकरणे वाचताना वाचकांनी ही एक गोष्ट हाताशी ठेवावी. आजही एखादी अंगणवाडी ओस दिसली, तर आधी तिची जागा आणि वेळ पाहावी, मग वस्तीला बोल लावावा.

सरकारी योजना यानंतरची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक म्हणून सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार दवाखान्यात पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आणण्याची ती कल्पना होती. भुकेले मूल शिकत नाही आणि आजारी मुलाच्या अंगी अन्न लागत नाही, हे ओळखून आखलेली. पुढची पाव शतकाहून अधिक वर्षे ही योजना सरकारची कृपा म्हणूनच चालली. तिला हक्काचे रूप आले ते न्यायालयातून. २००१ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या याचिकेत एकामागून एक आदेश निघाले. योजनेच्या लाभासाठी दारिद्र्यरेषेची अट लावू नये आणि आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, असे न्यायालयाने २००४ मध्ये बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार देण्याचे बंधन घातले. दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि मूल कुपोषित असेल तर ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. हे आकडे तुम्ही पाठ केले नाहीत तरी चालेल. अंगणवाडीच्या दारात पिवळे, केशरी की पांढरे कार्ड, हा प्रश्न उद्भवत नाही, एवढे लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. ‘ते गरिबांचे असते’ हे वाक्य कायद्यात कुठेही नाही.

आता खिचडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रात गरम ताजा आहार मिळतो. त्याहून लहान मुलांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा शिधा असतो, ज्याला सगळीकडे टीएचआर म्हणतात. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मातांना एक चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. घरी नेलेला शिधा बहुतेक घरांत सगळ्यांच्या ताटात वाटला जातो, याबद्दल पुष्कळजण आयांना दोष देतात. मला तो दोष वाटत नाही. एका घरातल्या तीन लेकरांपैकी एकालाच वाढायचे, हे कोणत्या आईला जमेल? अंडे मात्र केंद्रात, डोळ्यांसमोर सोलून खाल्ले जाते. म्हणून पाकिटापेक्षा शिजवलेल्या ताटाची बाजू या पुस्तकात जरा झुकती आहे, हे वाचकांनी आधीच जाणून असावे.

अंगणवाडी निवडायची म्हणजे काय, असे कोणी विचारील. वस्तीत एकच केंद्र असते, त्यात निवड कसली? मुलाचे नाव नोंदवणे वेगळे आणि अंगणवाडी वापरणे वेगळे. निवड या दोहोंमध्ये आहे. त्यासाठी तुम्ही एकदा सकाळी, आधी न कळवता, तासभर जाऊन बसावे. सेविकेला आपले नाव सांगावे, परवानगी घ्यावी आणि कोपऱ्यात गप्प बसावे. भिंतीवरच्या चित्रांनी लगेच भारावून जाऊ नये. चित्रे एका ठरावात रंगवून होतात. पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, मुलाच्या हाताला लागेल असे आहे का, शौचालयाला कुलूप आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे. मग कान उघडे ठेवावेत. तासाभरात सेविका जास्त बोलली की मुले? मेळघाटात कोरकू, डहाणूत वारली, खानदेशात अहिराणी बोलणारे मूल तिथे आपल्या बोलीत काही सांगू धजते का? चिंचोके, मणी, ठोकळे मुलांच्या हातात आहेत, की ‘साहेब येणार’ म्हणून कपाटात जपून ठेवलेत? राज्याच्या ‘आकार’ या अभ्यासक्रमात खेळ, गाणी, गोष्टी आणि हाताने करायच्या गोष्टींवर भर आहे. चार वर्षांच्या मुलाकडून पाटीवर शंभरपर्यंत आकडे गिरवून घेणारी अंगणवाडी पालकांना फार आवडते, हे मला ठाऊक आहे. तरी ती चांगली अंगणवाडी नव्हे.

वजनकाट्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. दर महिन्याचे वजन हे सरकारच्या अहवालासाठी घेतले जाते, असे पालकांना वाटते, आणि दुर्दैवाने काही ठिकाणी ते तसेच घेतले जाते. खरे तर ते तुमच्यासाठी आहे. माता-बाल संरक्षण कार्डात मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा असा वाढीचा आलेख असतो. त्यावरचा एखादा ठिपका फारसे काही सांगत नाही. तीन-चार महिन्यांचे ठिपके जोडणारी रेघ सांगते. मूल हिरव्या पट्ट्यात असूनही रेघ आडवी पडली असेल, तर काळजी करावी. बारीक अंगाचे असूनही रेघ चढती असेल, तर उगाच घाबरू नये. वजन, उंची आणि वय यांची सांगड निरनिराळी घालता येते: वयाच्या मानाने वजन कमी, उंचीच्या मानाने वजन कमी, वयाच्या मानाने उंची कमी. यांतली दुसरी अवस्था झपाट्याने जिवावर बेतू शकते, म्हणून दंडघेराची पट्टी ठेवलेली असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला, की ते मूल तीव्र कुपोषित. सेविका अशा मुलाला ‘सॅम’ म्हणते. अशा मुलासाठी गावात ग्राम बालविकास केंद्र आणि प्रकृती बिघडली असल्यास रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र असते. पट्टी लावून घ्यायला काही क्षण लागतात. तुमचे मूल गुटगुटीत असले तरी ती लावून घ्यावी आणि कार्डावरची रेघ सेविकेकडून समजावून घ्यावी. ती समजावून देते की नाही, यावरूनही केंद्राची पारख होते.

एक अपुरेपण इथेच सांगून टाकतो. अंगणवाडी हे पाळणाघर नव्हे. सकाळचे काही तास ती चालते, आणि शेतात, बांधकामावर, कारखान्यात किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईचा दिवस त्याहून कितीतरी लांब असतो. मग थोरली बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. बांधकामाच्या जागीच पाळणाघर नेण्याचा प्रयोग मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’च्या रूपाने सुरू केला आणि पुढे तो मुंबईपर्यंत आला. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सक्तीची केली. पण बहुसंख्य मजूर बायांना अशी आस्थापनाच नसते. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आता आहे. तुमच्या भागात ते सुरू आहे का, हे बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक लक्षात घ्यावे: नाव बीडमधल्या गावात असले, तरी फडाजवळच्या अंगणवाडीत मुलाला आहार आणि लस मिळायला हवी. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत ठेवावे.

सेविका आणि मदतनीस यांच्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. कागदोपत्री त्या मानसेवी आहेत आणि त्यांना पगार नव्हे, मानधन मिळते. आहार, वजन, गृहभेटी, शिकवणे, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरच्या नोंदी आणि वर निरनिराळी सर्वेक्षणे असे त्यांचे काम असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीसांना मानधनवाढीसाठी दीर्घ संपावर जावे लागले. पालक म्हणून तुम्ही तक्रार जरूर करावी. पण ती करताना मोबाइल चालत नाही म्हणून झाडाखाली उभी असलेली बाई आणि मुद्दाम केंद्र न उघडणारी बाई, यांत फरक करावा. पहिलीची बाजू पर्यवेक्षिकेकडे तुम्हीच मांडली, तर उत्तमच.

उरतो तो गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीचा प्रश्न. ऐपत असलेली घरे तिकडे वळतात, आणि अंगणवाडीत ज्यांच्या बोलण्याला वजन नाही अशांचीच मुले राहतात. मग केंद्राच्या गळक्या कौलांचा विषय कोणत्याच ग्रामसभेत निघत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एक सलग टप्पा मानली आणि अंगणवाडीला त्यात जागा दिली. त्यामुळे हा प्रश्न आता निव्वळ पोषणाचा राहिलेला नाही. नर्सरीत घालूच नका, असे मी म्हणणार नाही. पण फी आणि गणवेश बघण्याआधी वर सांगितलेला तासभर दोन्हीकडे बसून काढावा आणि मग ठरवावे. आणि मूल नर्सरीत गेले, तरी वजन, लस आणि आहारासाठी त्याचे नाव अंगणवाडीत राहू शकते, हे विसरू नये.

पुस्तक कोणत्याही प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. घरात तान्हे मूल असेल, तर वाढीच्या आलेखाचे प्रकरण आधी वाचावे. ग्रामपंचायतीत किंवा वस्तीच्या मंडळात काम करत असाल, तर हक्कांचे. तुमच्या वस्तीत अंगणवाडीच नसेल, तर १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तुमच्या कामाचा आहे. सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या, पण अंगणवाडी नसलेल्या खेड्याला किंवा झोपडवस्तीला, मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. मुलांची नावे आणि वये लिहून यादी करावी, पालकांच्या सह्या-अंगठे घ्यावेत, अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नये.