कल्पित भूमीची मालकी

कल्पित प्रदेशांनाही इतिहास असतो आणि इतिहासामागून वाद येतात. ‘फरगॉटन रिल्म्स’ ही अशीच एक भूमी होय.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार होतो; इतर जण पात्रे होऊन संभाषणातून कथा घडवितात. कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी बालपणापासून रचलेली ही भूमी टीएसआर कंपनीने १९८७ साली या खेळासाठी प्रकाशित केली.

चाहत्यांना तिची समृद्धी मोहविते. नगरे, देवता, राजवंश, पंचांगसुद्धा सूत्रधाराच्या हाती आयते येते. आर. ए. साल्व्हातोर यांच्या १९८८ पासूनच्या कादंबऱ्यांनी तिला खेळाबाहेरचे वाचकही मिळवून दिले.

विरोधकांचा आक्षेप नेमका या समृद्धीवरच आहे. एल्मिन्स्टरसारखा महाजादूगार तेथे असता नवख्या पात्रांनी कोणता पराक्रम करावा? शिवाय पडताळून पाहणारा वाचक शेजारी बसला की सूत्रधाराची जीभ अडखळते. २००८ च्या आवृत्तीत प्रकाशकांनी काळ सुमारे शंभर वर्षे पुढे नेला. ओळखीचे देव आणि देश लोपले. जुने खेळाडू दुखावले. २०१४ च्या आवृत्तीत पुष्कळसे पूर्वरूप परतले.

आम्हांस वाटते, हे प्रेम व हा राग एकाच मुळातून फुटले आहेत. जी भूमी आपण कथा सांगून वसविली, तिचा इतिहास दुसऱ्याने परस्पर बदलावा, हे कोणत्याही रहिवाशास सहन होत नाही.