बायोचार : कार्बनची साठवण आणि कार्बन क्रेडिट

उसाचे पाचट, पऱ्हाटी, तुराट्या, भाताचा तूस किंवा लाकडाचे तुकडे अपुऱ्या हवेत सुमारे ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की सच्छिद्र कोळसा उरतो. तो जाळण्यासाठी न वापरता मातीत किंवा बांधकामाच्या मालात कायमचा मिसळला, तर त्याला बायोचार म्हणतात. चुलीतला कोळसा आणि बायोचार यांच्या रासायनिक रचनेत फारसा फरक नसतो. कोळसा जळला की त्यातला कार्बन हवेत परत जातो, बायोचारमधला बहुतांशी जात नाही. कार्बन क्रेडिट मिळते ते या न जाळण्याबद्दल.

वनस्पतीने हवेतून घेतलेला कार्बन ती कुजली की काही वर्षांत आणि पेटवली की काही मिनिटांत हवेत मिसळतो. भट्टीत निम्म्याच्या आसपास कार्बन वायू आणि डांबराच्या रूपाने सुटतो. हा वायू जाळून भट्टीलाच उष्णता पुरवता येते. उरलेला कार्बन वलयांकित रचनेत बांधला जातो आणि तो फोडणे जिवाणूंना अवघड जाते. त्याचा टिकाऊपणा हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंच्या प्रमाणावरून ठरवतात. हे प्रमाण ०.७ पेक्षा जास्त असलेला कोळसा बहुतेक मानकांत बसत नाही, ते ०.४ च्या खाली असेल तर माल उत्तम समजला जातो. अमेझॉन खोऱ्यातील मानवनिर्मित काळ्या मातीत हजार वर्षांहून जुना कोळसा आजही सापडतो.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन कार्बन हा ३.६७ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो. ढोबळ हिशेबाने दहा टन कोरड्या पाचटापासून अडीच टन कोळसा निघाला आणि त्यात ६० टक्के कार्बन असला, तर दीड टन कार्बन, म्हणजे साडेपाच टन कार्बन डायऑक्साइड अडकतो. शंभर वर्षांनंतर त्यातला ८० टक्के शिल्लक राहील असे धरल्यास आकडा ४.४ टनांवर येतो. त्यातून वाहतूक, दळण आणि भट्टीतून निसटलेला मिथेन वजा होतो. धुरकट, उघड्या भट्टीत ही शेवटची वजावट इतकी वाढू शकते की क्रेडिटचा बराच भाग तिथेच संपतो.

पाचटाचा कोळसा महाराष्ट्राला नवा नाही. ऊस तुटून गेल्यावर शेतातच पाचट पेटवण्याची पद्धत जुनी आहे. आनंद दिनकर कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ (अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या पुण्यातील संस्थेने त्यावर उपाय म्हणून शेतात नेता येईल अशी भट्टी तयार केली. बंद पिंपांत पाचट ठासून भरायचे, बाहेरून आच द्यायची आणि पिंपांतून सुटणारा वायू त्याच आचेत जळू द्यायचा, अशी तिची रीत. कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडल्या जात. संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये अशा सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा स्वयंपाक होई. या कामाला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्या चुलीत जळत असल्याने त्यातून कार्बनची साठवण होत नव्हती. लाभ होता तो लाकूड वाचण्याचा आणि स्वयंपाकघरातला धूर कमी होण्याचा. मात्र शेतात विखुरलेला, हलका, वाहून नेणे न परवडणारा कचरा जागेवरच कोळसा करण्याचा प्रश्न तेव्हाच बराच सुटला होता, आणि आजच्या बायोचार प्रकल्पांचाही बराच खर्च याच प्रश्नावर होतो.

बायोचार क्रेडिटची बाजारपेठ २०१९ नंतर उभी राहिली. त्या वर्षी फिनलंडमधील प्युरो डॉट अर्थ हे क्रेडिट नोंदणीचे व्यासपीठ सुरू झाले. २०२२ मध्ये व्हेरा या संस्थेने बायोचारसाठी स्वतंत्र कार्यपद्धती आणली. दोन्हींत कच्चा माल कुठून आला, भट्टीचे तापमान किती होते, कोळशाची प्रयोगशाळेतील तपासणी काय सांगते आणि शेवटी तो कुठे पडला, याची नोंद लागते. किंमत टनाला साधारण १०० ते २०० डॉलर असते. पवन किंवा सौर प्रकल्पांची क्रेडिट याच्या किरकोळ अंशात मिळतात, कारण त्यांत हवेतून काही काढले जात नाही, फक्त संभाव्य उत्सर्जन टाळले जाते. भारतातील वराह या कंपनीशी जानेवारी २०२५ मध्ये गूगलने २०३० पर्यंत एक लाख टनांचा करार केला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही याच कंपनीशी करार केला. त्यातला कच्चा माल मुख्यतः महाराष्ट्रातील पऱ्हाटी आहे.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील महाळुंगे आणि चाकण औद्योगिक पट्ट्यात कच्चा माल वेगळा आहे. वाहनांचे सुटे भाग ज्या पॅलेट आणि खोक्यांतून येतात, त्यांचे मोडके लाकूड इथे साचते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे परदेशातून आलेल्या अशा लाकडावर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेले, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे, तसेच रंग लावलेले आणि प्लायवुड वेगळे काढल्याशिवाय त्याचा कोळसा शेतात घालता येत नाही. शिवाय हे लाकूड टाकाऊ नाही; ते दुरुस्त होऊन पुन्हा वापरले जाते किंवा बॉयलरकडे जाते. बॉयलरचे लाकूड भट्टीत वळवले आणि बॉयलरने त्याजागी दगडी कोळसा जाळला, तर कागदावरचे क्रेडिट खोटे ठरते. या पट्ट्यात कोळसा काँक्रीटच्या ठोकळ्यांत मिसळणे मात्र सोयीचे आहे. अशा वापरालाही मानकांची मान्यता आहे.

शेतीतील लाभ सर्वत्र सारखा नसतो. बायोचार स्वतः अल्कधर्मी असतो. त्यामुळे कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत तो जितका उपयोगी, तितका देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत नाही. नुसता कोळसा टाकल्यास तो सुरुवातीला नत्र धरून ठेवतो, म्हणून आधी शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मुरवावा लागतो. मावळ आणि खेडच्या पश्चिम भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, पण उघड्यावर भाजल्याने त्यात राखच जास्त असते, कोळसा नाममात्र.

भारतात ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२३ ची कार्बन क्रेडिट व्यापार योजना हा देशांतर्गत कार्बन बाजाराचा कायदेशीर पाया आहे. उत्सर्जनाची सक्तीची मर्यादा सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा ऊर्जाखाऊ उद्योगांवर आहे. वाहननिर्मिती त्यात नाही, त्यामुळे चाकणच्या कारखान्यांनी बायोचार क्रेडिट घेतल्यास ती ऐच्छिक खरेदी ठरते. शेतकऱ्याच्या पाचटातून निघालेल्या क्रेडिटवर हक्क कोणाचा, हे करारात ठरते. बहुतेक वेळा ते भट्टी आणि नोंदणीचा खर्च करणाऱ्या कंपनीकडे जाते आणि शेतकऱ्याला कचऱ्याचा भाव किंवा फुकट बायोचार मिळतो.