सेवा आमची, खुर्ची कुणाची? काळ्या परिचारिकांच्या लढ्याचा धडा

वॉर्डात राबायला आमच्या लेकी चालतात, पण अधिसेविकेच्या खुर्चीचा विषय निघाला की ‘नेतृत्वगुण’ आठवतात. हे गुण जन्माने येतात का? अमेरिकेतील काळ्या परिचारिकांचा इतिहास सांगतो, ते संघटनेतून घडतात.

1879 मध्ये मेरी महोनी ही प्रशिक्षण पूर्ण करणारी पहिली काळी परिचारिका ठरली. पण दारे उघडली नाहीत. दक्षिणेतील राज्य संघटना काळ्यांना सदस्यत्व देत नव्हत्या, त्यामुळे राष्ट्रीय संघटनेचा रस्ताही बंद. म्हणून 1908 मध्ये मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी केली. त्यांनी दुसऱ्याच्या दारात ताटकळणे नाकारले.

एस्टेल ऑस्बोर्न यांनी 1931 मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजातून पदव्युत्तर पदवी घेतली. ज्या कोलंबियात बाबासाहेब 1913 ते 1916 शिकले, तेच हे विद्यापीठ. पुढे त्या याच संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. म्हणजे पदवी समाजाच्या कामी आली, फक्त घराच्या नव्हे.

1941 मध्ये अमेरिकी लष्कराने काळ्या परिचारिकांसाठी फक्त 56 जागा ठेवल्या. 1945 च्या जानेवारीत परिचारिकांचा तुटवडा आहे, सक्तीची भरती करावी लागेल, अशी भाषा सुरू झाली. तेव्हा मेबल स्टॉपर्स यांनी भर सभेत विचारले की एवढी गरज आहे, तर काळ्या परिचारिका का घेत नाही? त्याच महिन्यात लष्कराला कोटा हटवावा लागला. ‘गुणवत्ता मिळत नाही’ म्हणणाऱ्यांना आजही हाच प्रश्न विचारायला हवा.

पण खरा धडा पुढे आहे. मुख्य संघटनेने दार उघडले, आता वेगळेपणाची गरज नाही, म्हणून 1951 मध्ये काळ्या परिचारिकांची संघटना विसर्जित झाली. वीस वर्षांत कळून चुकले, सदस्यत्व मिळाले, सत्ता नाही. 1971 मध्ये त्यांना पुन्हा नवी राष्ट्रीय संघटना बांधावी लागली.

आमचे म्हणणे एवढेच: प्रवेश म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. अधिपरिचारिका झालेल्या आपल्या बहिणींनी तिथेच थांबू नये. एम.एस्सी. करा, प्रशासन शिका, सेवाज्येष्ठतेच्या याद्या आणि बिंदुनामावली स्वतः तपासा, परिसेविका-अधिसेविकेच्या पदांवर दावा सांगा. या माऱ्याच्या जागा आहेत. आणि त्या मिळाल्या तरी आपली संघटना मोडू नका.

जय भीम!